गुणाचं पोर

गालाला साबण फासून मी आरशात बघत होतो, तेवढ्यात मागून अंकिता म्हणाली, "पप्पा, मी रिजेक्ट हाय म्हनून मला केंदूरला ठिवायचं ना?" आवाजात रडू नाही, रुसवा नाही. आज भाजी कसली केली असं विचारावं, इतकं साधं. माझा हात गालावरच थांबला. साडेचार वर्षांची पोर, दोन्ही मुठींत फ्रॉकचं टोक धरून मोरीच्या उंबऱ्याशी उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती. मी म्हणालो, "काय पन बोलती येडी! जा, आईपाशी बस जा." आणि पुन्हा दाढी करायला लागलो. हे माझं उत्तर. मी बिरदेव, वय बत्तीस, रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीच्या टेबलावर दिवसाला हजारभर नग हातात घेऊन हा चालेल, हा चालणार नाही असं न अडखळता सांगणारा माणूस. आणि पोटच्या पोरीनं एक सरळ प्रश्न विचारला तर मला सुचलं काय, तर येडी. ती गेली. म्हणजे लगेच गेली. हट्ट नाही, परत विचारणं नाही. तिच्या अशा लगेच ऐकण्याचं गेले दोन महिने मला कौतुक वाटत होतं. पोरगी सुधारली, असं मी रुपालीला म्हणायचोसुद्धा. आज मात्र ती पाठ फिरवून गेली आणि मला त्याचं कौतुक वाटेना.

बाहेरच्या खोलीत तिची पिशवी भरून ठेवलेली होती. गुरुवार, कंपनीची सुट्टी. साडेअकराच्या एसटीनं तिला केंदूरला न्यायचं, माझ्या आई-आबांपाशी ठेवायचं आणि मी संध्याकाळपर्यंत शिरूरला परत यायचं, असं आठ दिवसांपूर्वी ठरलं होतं. कारण विचाराल तर कुणालाही पटावं असंच. रुपालीला सातवा महिना, डॉक्टरनं उठबस कमी करायला सांगितलेली. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलणार. मग पोरीकडं बघायचं कुणी? बाळंतपण उरकेपर्यंत आजीपाशी राहील, शेळ्या-करडांत रमेल. शेजारचे म्हणाले, बरं केलंत. कंपनीत टेबलावरचा माझा जोडीदार माऊली म्हणाला, बेस्ट. सगळ्यांनी बेस्ट म्हटलं की माणूस आत डोकावून बघायच्या फंदात पडत नाही. मीही पडलो नव्हतो. आता अर्धी दाढी झालेलं तोंड आरशात बघताना वाटलं, हे कारण आपण पोरीला सांगितलं का? नाही सांगितलं. 'आजीकडं जायचंय' एवढंच सांगितलं. का जायचंय, ते तिनं तिचं तिनं शोधून काढलं होतं.

सुरुवात चांगली झाली होती, हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर मी अगदीच राक्षस ठरेन. जानेवारीत अंगणवाडीच्या ताईबाई घरी आल्या. पन्नाशीच्या बाई, खांद्याला कापडी पिशवी, पायांना विसावा म्हणून नाही. "पोरं शाळंच्या आदी घरातच शिकत्यात," त्या म्हणाल्या, "आन् त्याला इकत काय आनाया लागत न्हाई." मग रुपालीच्याच फळीवरचे डबे काढून त्यांनी एकेक खेळ दाखवला. मूग, मटकी, हरभरा एका ताटात मिसळायचा आणि पोरीला वेगळा करायला लावायचा. डब्यांची झाकणं काढून ढीग करायचा, कुणाचं झाकण कुठलं ते तिनं शोधायचं. पेल्यातलं पाणी वाटीत, वाटीतलं परत पेल्यात. धुणं वाळत घालताना मोठं कुणाचं, लहान कुणाचं. चार वस्तू फडक्याखाली झाकून एक हळूच काढून घ्यायची आणि काय गेलं ते विचारायचं. "आन् चुकली तर चुकू द्यायची बरं का. ह्यो ख्योळ हाय, परीक्षा न्हाई," हे शेवटचं त्या रुपालीला न सांगता माझ्याकडं बघून म्हणाल्या. मी आपला खुर्चीत पेपर वाचत होतो, मधे एक शब्द बोललो नव्हतो. तरी माझ्याकडंच बघून का म्हणाल्या, कुणास ठाऊक. चाळीसएक घरं हिंडणारी बाई, तिला माणूस कळत असणार.

पहिल्या शिफ्टला असलो की चारपर्यंत कंपनीची बस मला नाक्यावर सोडायची. घरात शिरलं की मायलेकी फरशीवर पसरलेल्या. मागच्या खिडकीतून ऊन ताटावर पडलेलं, ओल्या धुण्याचा वास, आणि अंकिताची अखंड बडबड. हरभऱ्याच्या तोंडावर सुरकुत्या म्हणून तो आबा. मूग शाळेत जाणारे. मटकी लबाड, कारण ती बोटाला चिकटून मुगांच्या घरात जायची. हरभऱ्याच्या वाटीत तिनं एकदा एक मूग मुद्दाम ठेवला, रुपाली म्हणाली, अगं हा इकडं कुठं, तर म्हणाली, "आबाला सोबत नको का?" रुपाली पदर तोंडाला लावून हसत होती. मी हात न धुता तसाच भिंतीला टेकून बसलो होतो, हाताला ऑइलचा वास, डोळ्यांवर झोप. काही करायचं नव्हतं, कुठं जायचं नव्हतं. इतकं स्वस्थ मला त्याआधी कधी वाटलं होतं, आठवून बघितलं तर आठवेना.

पण मला काही बघवत नाही. माझा स्वभावच तसला. मोकळं चाललेलं काम दिसलं की त्याला ओळीत लावल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडत नाही. पोरगी हुशार आहे, रुपाली नुसतं खेळवते, जरा पद्धतशीर केलं तर कुठल्या कुठं जाईल, असं माझ्या डोक्यानं घेतलं. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून मी भिंतीला लावलं, पट्टीनं रेघा मारल्या. कंपनीत आम्ही अशाला चेकशीट म्हणतो. वर तारखा, बाजूला सहा खेळ. बरोबर आलं की निळी खूण, चुकलं की लाल. दोन डबे आणले, एक हिरवा, एक लाल. चांगला दाणा हिरव्यात, फुटका, किडका लाल डब्यात. "चांगला तो ओके, वाईट तो रिजेक्ट. म्हण," मी म्हणायचो, आणि ती म्हणायची. मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवायचो. रुपाली म्हणाली, "अहो, मुगाला कसली मिनिटं लावताय?" मी म्हणालो, "तुला कळत न्हाई. सवय आत्ताच लागती." ती उठून कणीक मळायला लागली, आणि त्या दिवसापासून फरशीवर आम्ही दोघंच बसायला लागलो, मी आणि अंकिता.

हळूहळू बडबड थांबली. मला ते कळलं नाही असं नाही. मी त्याला लक्ष लागणं म्हणत होतो. मटकी लबाड राहिली नाही, हरभरा आबा राहिला नाही. हात ताटाकडं नेला की ती आधी माझ्या तोंडाकडं बघायची. माझ्या भुवया जरा वर गेल्या की हात मागे, दुसऱ्या वाटीकडं. पोरगी दाणे निवडत नव्हती, मला निवडत होती. आणि गंमत बघा, त्यामुळं चुका वाढल्या, चुका वाढल्या म्हणून लाल खुणा वाढल्या, लाल खुणा वाढल्या म्हणून ती आणखी माझ्याकडं बघायला लागली. एकदा तिनं विचारलं होतं, "पप्पा, तुमच्या कंपनीत लाल डब्याचं काय करत्यात?" मला बरं वाटलं. कामाचं काहीतरी विचारतेय पोर. मी सविस्तर सांगितलं, "ते आपन ठिवत न्हाई. जिथनं आलं तिथं परत लावून देतो." ती म्हणाली, "हां." आता दाढीचं पाणी ओतून देताना तो 'हां' माझ्या कानात जसाच्या तसा आला. अंकिताचा जन्म केंदूरचा. रुपाली पहिल्या खेपेला माझ्या आईच्या हाताखालीच बाळंत झाली होती. हे तिला आम्हीच कौतुकानं दहादा सांगितलं होतं, तू केंदूरची, तू आजीच्या घरनं आलीस. जिथनं आलं तिथं परत.

आणि तिचं चुकलं होतं का? हा विचार आला आणि मी मोरीतच खाली बसलो. पंधरा दिवसांपूर्वी इथल्या एका इंग्रजी शाळेत तिला लहान वर्गासाठी दाखवायला नेलं होतं. दाखवायला, हा शब्द माझाच. मॅडम तरुण, हसऱ्या. त्यांनी टेबलावर तीन ठोकळे ठेवले, पिवळा, हिरवा, लाल, आणि म्हणाल्या, "बाळा, यातला लाल कुठला गं? दे बरं मला." तिला लाल येत नव्हता? माझ्या पोरीला लाल येत नव्हता? तिच्याइतका लाल सबंध शिरूर तालुक्यात कुणाला येत नसेल. तिनं मान वळवून मागं उभ्या असलेल्या माझ्या तोंडाकडं बघितलं. मी तोंड दगडासारखं ठेवलं, कारण खुणा करून सांगितलं असं मॅडमला वाटायला नको. ती परत वळली, हात मांडीखाली घेतले आणि गप्प बसली. पिवळा विचारला, गप्प. नाव विचारलं, गप्प. मॅडम म्हणाल्या, "लहान आहे अजून. पुढच्या वर्षी आणा." बाहेर बाकावर कंपनीतले दोघं-तिघं आपापली पोरं घेऊन बसले होते, त्यातल्या एकाचं पोरगं मोठ्यानं इंग्रजी आकडे म्हणत होतं. पायऱ्या उतरताना अंकितानं माझं बोट धरायला हात वर केला. मी गाडीची किल्ली काढायचं निमित्त करून हात खिशात घातला.

खरं सांगतो, मला तिची लाज वाटली. दुसरा शब्द नाही. आणि केंदूरचं ठरलं ते त्यानंतर आठवड्याभरात. सातवा महिना खरा होता, डॉक्टर खरा होता, शिफ्टही खरी होती. पण तिला थोडे दिवस नजरेआड करावं, हे सगळ्याच्या तळाशी होतं, आणि ते फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि तिला. मला आज कळत होतं. तिला पंधरा दिवस आधीच कळलं होतं.

मोरीत बसल्या बसल्या दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. आम्ही मेंढरांची माणसं. आता माझा भाऊ मल्हारी कांदा करतो, आबांनी मेंढरं मोडली त्याला पंधरा वर्षं झाली, चार शेळ्या तेवढ्या दारात आहेत. पण माझ्या लहानपणी दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून सगळे घाट उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. कोकरांच्या दुधाळ तोंडांचा वास, घोड्याच्या पाठीवर बांधलेली कोंबडी, पुढं आबा, मागं आई. मी सहा वर्षांचा होतो तेव्हा एका संध्याकाळी वाघरातल्या कोकरांकडं बघायचं काम माझ्याकडं होतं. वाघूर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. मी चिंचेच्या झाडावर चढलो होतो. जाळीची एक खुंटी निसटली, एक कोकरू बाहेर पडलं आणि लांडग्यानं ते नेलं. पांढरं, एका कानावर तांबडा डाग. आबा मला रागावले नाहीत. आईसुद्धा नाही. कुणीच काही बोललं नाही, तेच मला जास्त लागलं. पुढच्या पंधरवड्यात बिऱ्हाड निघालं, मल्हारी घोड्याच्या दोरीला धरून निघाला, आणि मला म्हणाले, तू सारजाआत्यापाशी राहा. आत्या आबांची थोरली बहीण, नवरा वारलेला, ती केंदूरच्या घरी असायची. मी ओट्यावर बसून बघत राहिलो. घुंगरांचा आवाज ओढ्यापलीकडं जाईपर्यंत येत होता. का ठेवलं, मी विचारलं नाही. मला माहीत होतं ना. कोकरू.

तेव्हाच ठरवलं होतं, रडायचं नाही. रडणाऱ्या पोराला कोण नेणार? चांगलं वागायचं, सांगितलेलं ऐकायचं, पाटीवरची गणितं बरोबर सोडवायची, म्हणजे पुढच्या वेळी नेतील. मी झाडलोट करायचो, आत्याच्या आधी उठायचो, दर संध्याकाळी मात्र त्या ओट्यावर जाऊन बसायचो. आत्या येईल त्या बाईला सांगायची, "गुनाचं प्वार हाय गं. आई-बा गेलं, पर डोळ्याला पानी न्हाई." ते ऐकून मला वाटायचं, आता कळेल त्यांना. पुढची दिवाळी आली, बिऱ्हाड गेलं, मी राहिलो. त्याच्या पुढची आली. मी पहिला येत राहिलो, राहत राहिलो. दहावी झालो, शिरूरला आयटीआय केलं, कंपनीत लागलो, घरात सगळ्यात आधी पगारी माणूस मी. माझं वाईट काही झालं नाही, उलट झालं ते भलंच. मल्हारी आजही म्हणतो, तुझं नशीब, तुला ठिवला. तरी बत्तीस वर्षांचा होईपर्यंत एकही काम मी असं केलं नाही की ज्याच्या शेवटी मान वर करून कुणाच्या तरी तोंडाकडं बघितलं नाही.

तोंड पुसून बाहेर आलो. रुपाली खाटेवर डाव्या कुशीवर पडली होती, डोळे उघडे. अंकिता दारातल्या पायपुसण्यावर बसून स्वतःच्या बोटांशी काहीतरी करत होती. मी हळू आवाजात म्हणालो, "ऐकलंस का, काय विचारत होती?" रुपाली म्हणाली, "मला काल दुपारीच विचारलं तिनं." मी म्हणालो, "मग तू काय सांगितलंस?" "पप्पांना इचार म्हनलं," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "मी न्हाई म्हनून सांगितलं असतं तर तिला खरं वाटलं नसतं. लाल पेन तुमच्या हातात हाय." भांडायचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द सुनावले असते. मी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. तो काढून टाकावा म्हणून पुढं झालो, पण अंकितानं मान वर केली होती आणि मी काय करतोय ते बघत होती. कागद फाडला तर तीही आपलीच चूक असं ती धरेल की काय, काही सांगता येत नव्हतं. मी चपला घातल्या आणि म्हणालो, "आबांना फोन करून येतो."

कोपऱ्यावर फोनचं दुकान होतं. केंदूरला चांगदेवच्या किराणा दुकानात फोन लावायचा, सकाळच्या वेळी आबा तिथंच फळीवर बसलेले असतात. चांगदेवनं हाक मारली, मग बराच वेळ पिशव्यांची सळसळ, मग आबांचा ओरडून बोलायचा आवाज. फोनवर लांबच्या माणसाला मोठ्यानं बोलावं लागतं, असं त्यांना अजून वाटतं. "बिरू व्हय रं? निगाला का न्हाई?"

"निघतोय. आबा, एक विचारू का?"

"इचार की."

"मी सा वर्साचा असताना मला सारजाआत्यापाशी का ठिवलं?"

पलीकडं कुणीतरी साबण मागत होतं. आबा म्हणाले, "आता ह्ये काय मदीच?"

"सांगा की."

"आरं, तुला कांजण्या न्हवत्या का आल्या! अंगभर फोड, ताप. घाट कसा उतरनार तू? सारजी म्हनली, आठ दिस ठिवा, बरं झालं की लावून दिते."

फोड आल्याचं मला आठवत होतं. खाज आठवत होती, कडूलिंबाचा पाला अंथरलेला आठवत होता. पण तो पाला आणि तो ओटा कुणी शेजारी शेजारी ठेवून दाखवले नव्हते. "मग आठ दिवसांनी?" मी विचारलं.

"मानूस धाडला व्हता की न्यायला. सारजीनं त्याला तसाच माघारी लावला. पोरगं रमलंय म्हनली, साळंत पैलं हाय, आय-बाची आटवनसुदीक काडत न्हाई, कशाला नेताय? तुजी आई तवा लई रडली. म्हनायची, प्वार मला इसारलं." आबा खोकले. "तू रडला असतास तर त्याच पावली न्हेला असता तुला. पर तू कवा रडलाच न्हाईस."

दुकानदार माझ्याकडं बघत होता. मग मी म्हणालो, "आन् ते कोकरू?"

"कंचं कोकरू?"

"तांबड्या कानाचं. माझ्या हातनं सुटलं, लांडग्यानं नेलं."

"लांडगं न्हेत्यातच की रं कोकरं," आबा म्हणाले. "त्याचं काय येवडं?"

सव्वीस वर्षं. आणि म्हाताऱ्याला कोकरू आठवतही नव्हतं. मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता नाकातनं पाणी. आबा पलीकडून हॅलो, हॅलो करत होते. मी म्हणालो, "आबा, अंकिताला ठिवायला आनत न्हाई. आईलाच आज माझ्यासंगं शिरूरला येऊ द्या. बाळंतपण होईपर्यंत." "आन् शेरडं?" "तुमी हायसा की." "व्हय, म्हंजी भाकरी बी मीच थापायच्या," आबा म्हणाले, पण खूश झाल्यासारखे वाटले. "तुज्या आईला सांगतो, लुगडी बांद म्हनावं." इतकं ते सोपं होतं. आठ दिवस हे सुचलं नाही, कारण हे सुचावं अशी माझी इच्छा नव्हती.

परत आलो तर रुपालीनं पोरीची वेणी घालून दिली होती. अंकिता भिंतीला पाठ टेकून ताठ बसली होती, पावडर लावलेलं तोंड, हात मांडीवर. मी आत आल्या आल्या म्हणाली, "पप्पा, मी रडनार न्हाई." माझ्या तोंडून 'गुणाची पोर' निघणारच होतं. ओठावर आलेलं मी कसंबसं मागं घेतलं. तिच्यासमोर फरशीवर बसलो. शेजारी नाही, समोर, म्हणजे माझं तोंड तिला नीट दिसेल. "ऐक," मी म्हणालो, "तू रिजेक्ट न्हाईस. कवाच नव्हतीस. मानसांत तसलं काय नसतं. चुकलं माझं. आपन केंदूरला जायचं आन् आजीला घिऊन माघारी यायचं, तूपन माघारी यायचं." ती माझ्या भुवयांकडं बघत होती, ओळखीची खूण शोधत. विश्वास ठेवावा असं तिला काही सापडत नव्हतं, आणि त्याचा दोष तिच्याकडं नव्हता. मी दुसरं काय करणार? मग मी तिला त्या पोराची गोष्ट सांगायला लागलो.

एक पोरगं होतं, म्हणालो. त्याचं कोकरू हरवलं. मग त्याचे आई-बाबा मेंढरं घेऊन लांब गेले आणि त्याला आजीच्या घरी ओट्यावर ठेवून गेले. त्याला वाटलं, कोकरू हरवलं म्हणून ठेवलं. अंकितानं विचारलं, "मंग?" मी म्हणालो, तसं नव्हतं. त्याला फोड आले होते, ताप होता, म्हणून ठेवलं होतं. पण त्याला कुणी सांगितलंच नाही. "मंग त्यो रडला?" "न्हाई रडला." "का?" "त्याला वाटलं, रडलं न्हाई तर नेतील." तिनं जरा विचार केला. हा हिशेब तिच्या चांगला ओळखीचा होता. "मंग नेलं?" मी मान हलवली, नाही. "त्यो अजून तितंच बसलाय?"

तो मीच, मोठा झालो, हा बघ इथं आहे, असं सांगून गोष्ट संपवता आली असती. खाटेवरून रुपाली माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "हो. अजून तिथंच बसलाय."

आधी अंकिताचा खालचा ओठ बाहेर आला. मग हनुवटी थरथरली. आणि मग ती रडायला लागली. दोन महिन्यांत पहिल्यांदा, भोकाड पसरून, पावडरीवरून ओघळ, नाक वाहतंय, शब्द तुटतायत. "येकलाच बसलाय? येवडा येळ?" मी तिला गप्प बस म्हणालो नाही. रुपालीही म्हणाली नाही. मला वाटलं ती माझ्याकडं येईल, मी हातही पुढं केले. पण ती उठली आणि रडत रडत दाराकडं गेली, खाली बसून चपला पायांत घालायला लागली. बंद लागेना. मी मदतीला वाकलो तर तिनं माझा हात ढकलून दिला. इतक्या दिवसांत तिनं मला ढकललं नव्हतं. "उट की पप्पा," ती माझ्यावर ओरडली, "त्येला आनायला जायचंय ना? गाडी जाईल!" आणि एकटीच जिना उतरायला लागली, एका हातानं कठडा धरून, एकेक पायरी. चपला उलट्या होत्या, उजवी डाव्या पायात, डावी उजव्या. मी बघितलं, आणि काही न बोलता तिच्या मागं निघालो.